मान्यताप्राप्त संघटना नसलेल्या आस्थापनांतील कामगार कपात आणि विचारविनिमयाचा हक्क

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराभोवती चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या अनेक लहान आस्थापनांत मान्यताप्राप्त कामगार संघटना नसते. मागणी घटली की कपात ठरते आणि कामगाराच्या हाती थेट नोटीस पडते. निर्णयापूर्वी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क अशा कामगारास आहे काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नोटीस व भरपाई :
औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगारास कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस अथवा त्या कालावधीचे वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे बंधनकारक आहे. संघटना असो वा नसो, हे हक्क व्यक्तिगत आहेत. परंतु नोटीस झालेला निर्णय कळविते. विचारविनिमय निर्णय होण्यापूर्वी व्हावा लागतो.

निर्णयापूर्वीच्या तरतुदी :
१) बदलाची सूचना : सुसूत्रीकरणासारख्या बदलापूर्वी २१ दिवसांची सूचना द्यावी लागते आणि ती संघटनेस नव्हे, तर बाधित होणाऱ्या कामगारांस द्यावयाची असते. नागपूरच्या लोकमत न्यूजपेपर्स प्रकरणात हाताने खिळे जुळविण्याच्या जागी फोटो-कंपोझिंग आले व कामगारांची कपात झाली. सूचना ही योजना अमलात येण्यापूर्वीच दिली पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला.

२) पूर्वपरवानगी : मोठ्या कारखान्यांत कपातीस शासनाची परवानगी लागते व त्या चौकशीत संबंधित कामगारांस म्हणणे मांडता येते. ही मर्यादा १९७६ मध्ये ३०० कामगारांची होती, १९८४ पासून १०० झाली आणि संहितेने ती पुन्हा ३०० केली. त्यामुळे १०० ते २९९ कामगारांचे कारखाने या संरक्षणाबाहेर गेले.

३) समित्या : २० वा अधिक कामगार असल्यास तक्रार निवारण समिती आवश्यक आहे, १०० वा अधिक असल्यास शासन कार्यसमिती स्थापण्याचा आदेश देऊ शकते. मात्र कपातीचा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवण्याचे बंधन मालकावर नाही.

तौलनिक विचार :
ब्रिटनमध्येही पूर्वी ही उणीव होती. संघटनेस मान्यता नाही म्हणून विचारविनिमय टाळता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने १९९४ मध्ये ठरविले. १९९५ पासून तेथे कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची तरतूद झाली. आज ९० दिवसांत एकाच आस्थापनेतून २० वा अधिक जणांची कपात प्रस्तावित असल्यास असा विचारविनिमय सक्तीचा आहे.

समारोप :
आपल्याकडे संघटनाविहीन कामगारास भरपाईचा हक्क आहे. ऐकून घेतले जाण्याचा हक्क मात्र अपवादानेच आहे. लहान आस्थापनांत कपातीचा प्रस्ताव प्रथम निवडलेल्या कामगार प्रतिनिधींपुढे ठेवण्याचे बंधन घातल्यास ही पोकळी भरून निघेल. पाळ्या कमी करणे किंवा अन्य विभागात सामावून घेणे हे पर्याय कामगारास ठाऊक असतात. ते विचारात घेण्याची वेळ नोटिशीपूर्वीची असते.