आडोसा : दोन जगांतल्या प्रेमकथा आणि महोत्सवांची वाट

पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी खडकवासला धरणाच्या काठी गेलं, की चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या गाड्या दिसतात, कांदाभज्यांचा वास येतो, आणि रस्त्याच्या कडेला दुचाकी लावून पाण्याकडे तोंड करून बसलेली जोडपी दिसतात. मुलींच्या चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ ही आता पुण्याची ओळखच झाली आहे. धूळ आणि ऊन हे त्याचं सांगायचं कारण; ओळखीच्या माणसानं ओळखू नये, हे न सांगायचं. या जोडप्यांत एका जातीची किती, एका धर्माची किती, एका भाषेची किती, हे बघणाऱ्याला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. पण सगळ्यांनाच घरी नेऊन बसवता आलं असतं, तर इतकी गर्दी इथं झाली नसती. शहरात त्यांना हवा असतो थोडा आडोसा, आणि तो गावाबाहेर, पाण्याच्या काठी मिळतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत जातीबाहेरच्या, धर्माबाहेरच्या, वर्गाबाहेरच्या प्रेमावर महाराष्ट्राच्या मातीत काही लक्षणीय चित्रपट घडले. त्यांतल्या बहुतेकांची गत या जोडप्यांसारखीच झाली. त्यांनाही पहिला आडोसा गावाबाहेर मिळाला : कानला, बर्लिनला, सनडान्सला. इथल्या माणसांच्या गोष्टी आधी परक्या प्रेक्षकांनी पाहिल्या आणि मग, कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी, त्या आपल्यापर्यंत आल्या. असं का होतं, त्यातून काय मिळतं आणि काय हरवतं, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठी चित्रपट आणि परदेशी महोत्सव यांचं नातं नवं नाही. चित्रपट महोत्सव ही कल्पना सुरू झाली १९३२ साली व्हेनिसला, आणि पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, प्रभातचा ‘संत तुकाराम’ तिथं गौरवला गेला. पण तो आधी आपल्या लोकांनी डोक्यावर घेतला होता. व्हेनिसचा मान नंतर आला. प्रभातच्याच ‘माणूस’मध्ये (१९३९) पोलीस शिपाई आणि वेश्या यांचं, समाजाला न पेलणारं प्रेम होतं. तोही आपल्या थिएटरांत, आपल्या प्रेक्षकांसाठीच आला. आधी घर, मग जग, असा तो क्रम होता. आता तो उलटा झाला आहे.

याचं मुख्य कारण पैशाच्या व्यवहारात आहे. नट ओळखीचे नाहीत, गाणी नाहीत, शेवटी लग्न नाही किंवा खूनही नाही, आणि पात्रं एका वाक्यात दोन भाषा बोलतात. अशी पटकथा घेऊन निर्मात्याकडे गेलं, तर तो पहिला प्रश्न विचारतो, ‘हा चित्रपट कुठल्या बाजारात विकायचा?’ दोन जगांतल्या प्रेमकथेला एकच बाजार नसतो, हीच तिची अडचण. तिच्यात मराठी असते, पण ती पुरती मराठी नसते. हिंदी असते, पण तीही हिंदी चित्रपटाची नसते.

या प्रश्नाला महोत्सवांच्या व्यवस्थेनं एक वेगळं उत्तर तयार केलं आहे. महोत्सव म्हणजे दहा दिवस चित्रपट दाखवून बक्षिसं वाटणं, एवढाच आपला समज असतो. प्रत्यक्षात ही वर्षभर चालणारी साखळी आहे. तिची पहिली कडी पटकथेच्या कार्यशाळा, ज्यांना ‘लॅब’ म्हणतात. दुसरी कडी सहनिर्मितीचा बाजार; रॉटरडॅमला तो भरतो आणि आपल्याकडे गोव्यात २००७पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा ‘फिल्म बझार’ भरत आला आहे. तिथं दिग्दर्शक न बनलेल्या चित्रपटासाठी निरनिराळ्या देशांतले निर्माते शोधतो. तिसरी कडी अनुदानं : रॉटरडॅमचा ह्यूबर्ट बाल्स निधी किंवा फ्रान्सचा सरकारी निधी. मग चित्रपट पुरा होतो आणि जागतिक प्रीमिअरची पाळी येते. मोठ्या महोत्सवाला चित्रपट कोरा लागतो, आधी कुठंही न दाखवलेला. त्या एका प्रदर्शनासाठी तो घरीही झाकून ठेवावा लागतो. तिथं तो गाजला, तर विक्री प्रतिनिधी देशादेशांचे हक्क वेगवेगळे विकतो. आपला देश या यादीतला एक देश असतो, आणि पैशाच्या हिशेबात तो बहुधा पहिला नसतो.

ही साखळी चांगली चालली तर काय होतं, हे रितेश बत्राच्या ‘द लंचबॉक्स’नं (२०१३) दाखवलं. मुंबईच्या डबेवाल्यांकडून चुकून दुसऱ्याच्या टेबलावर गेलेला डबा, त्यातून सुरू झालेल्या चिठ्ठ्या. एका टोकाला इला ही संसारात एकटी पडलेली बाई, दुसऱ्या टोकाला निवृत्तीला आलेला ख्रिस्ती कारकून साजन फर्नांडिस. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू तर पडद्यावर कधी दिसतच नाहीत, फक्त भारती आचरेकरांच्या आवाजात ऐकू येतात. पटकथेवर तुरीनच्या फिल्म लॅबमध्ये काम झालं, पैसा भारत, फ्रान्स आणि जर्मनीतून आला, आणि कानच्या ‘क्रिटिक्स वीक’मध्ये चित्रपटाला प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. चारच महिन्यांनी, सप्टेंबरात, तो भारतात लागला आणि चालला. मात्र त्यात इरफान खान होता, मागे बडे वितरक होते. आणि ते दोघं एकमेकांना भेटत नाहीत! न भेटणारं प्रेम कुणालाच फारसं खुपत नाही.

भेटणाऱ्यांची गोष्ट वेगळी. रोहेना गेरा यांच्या ‘सर’मध्ये (२०१८) रत्ना ही महाराष्ट्रातल्या खेड्यातली तरुण विधवा मुंबईत अश्विन या बिल्डरच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहून घरकाम करते. स्वयंपाकघराला लागून असलेली तिची खोली आणि त्याचा दिवाणखाना यांच्यात एक भिंत आहे. सगळा चित्रपट त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना घडतो. तिलोत्तमा शोमनं रत्ना उभी केली, गीतांजली कुलकर्णींनी तिची मैत्रीण लक्ष्मी. २०१८च्या मे महिन्यात हाही चित्रपट कानच्या ‘क्रिटिक्स वीक’मध्ये दाखवला गेला आणि त्याला वितरणासाठीचा गान फाउंडेशन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार चित्रपटाच्या फ्रान्समधल्या वितरकाला मदत म्हणून दिला जातो. म्हणजे मराठी मोलकरणीची गोष्ट फ्रेंच प्रेक्षकांपर्यंत पोचावी, याची तरतूद झाली. डिसेंबर २०१८मध्ये ती तिथं पोचलीही. आपल्याकडे प्रदर्शनाची तारीख ठरली २० मार्च २०२०. त्याच आठवड्यात करोनानं थिएटरं बंद पडली. शेवटी चित्रपट लागला १३ नोव्हेंबर २०२०ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अर्ध्या क्षमतेनं नुकत्याच उघडलेल्या थिएटरांत. बहुतेकांनी तो पुढं जानेवारीत घरच्या पडद्यावर पाहिला. कदाचित दिवाणखान्यात बसून, स्वयंपाकघरात बाई भांडी घासत असताना.

लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट या विषयात दोन प्रकारे येते. पायल कपाडिया तिथं शिकल्या, आणि त्यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’चा (२०२१) मोठा भाग त्या आवारातच घडतो. वसतिगृहात सापडलेली ‘एल’ नावाच्या मुलीची पत्रं, अशी त्याची कल्पित चौकट आहे. तिच्या प्रियकराला घरच्यांनी अडवून धरलं आहे, कारण तिची जात वेगळी. त्या पत्रांच्या मागे दिसतो तो २०१५चा विद्यार्थ्यांचा संप आणि देशातली इतर आंदोलनं. एका मुलीचं तुटलेलं प्रेम आणि एका पिढीची अस्वस्थता एकाच धाग्यात ओवलेली आहे. कानला या चित्रपटाला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला.

त्यांचाच ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ २०२४ साली कानच्या मुख्य स्पर्धेत गेला, तीस वर्षांत तिथं पोचलेला पहिला भारतीय चित्रपट, आणि ग्रां प्री घेऊन आला. मुंबईत परिचारिका असलेली मल्याळी हिंदू अनू आणि तिचा मुसलमान मित्र शियाझ यांना शहरभर फिरूनही चार भिंती मिळत नाहीत. त्याच्या वस्तीत जाण्यासाठी ती बुरखा विकत घेते आणि ऐन वेळी बेत फिसकटतो. तो प्रसंग पाहताना आपल्याला इथले स्कार्फ आठवतात. शेवटी त्यांना आडोसा मिळतो रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, पार्वतीच्या गावी. ही पार्वती, म्हणजे छाया कदम, इस्पितळात स्वयंपाक करते. कागदपत्रं नसल्यामुळे मुंबईतलं तिचं घर गेलं आहे. प्रेमिकांना जागा नाही आणि आयुष्यभर राबलेल्या बाईलाही नाही, हे कपाडिया शेजारी शेजारी ठेवून दाखवतात.

या चित्रपटाला पैसा फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली आणि भारत इथून आला. फ्रान्सनं ऑस्करसाठी ज्या मोजक्या चित्रपटांचा विचार केला, त्यांत तो होता. भारतानं पाठवला ‘लापता लेडीज’. हा चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटला, असं निवड समितीचं मत तेव्हा प्रसिद्ध झालं. या आरोपाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण महोत्सवी चित्रपटांबद्दल आपल्याकडे तो सतत होतो : हे चित्रपट परक्या डोळ्यांसाठी बनवलेले असतात.

आरोपात तथ्य अजिबात नाही, असं नाही. संथ लय, थोडं बोलणं, उघडा शेवट ही महोत्सवांची आवडनिवड आहे आणि ज्याचा पैसा त्याची आवड थोडीफार झिरपतेच. लॅबमध्ये परक्या मार्गदर्शकाला समजावं म्हणून पटकथेतलं काही सोपं केलं जातं, काही गाळलं जातं. पण हे चित्रपट नीट पाहिले, तर त्यांतल्या मर्माच्या जागा नेमक्या परक्याला न दिसणाऱ्या असतात. ‘सर’मध्ये रत्ना गावाहून मुंबईला येताना वाटेत हातात बांगड्या चढवते. परक्याला तो नट्टापट्टा वाटेल. विधवेच्या हातातल्या बांगड्यांचा अर्थ आपल्याला कुणी सांगावा लागत नाही. आणि चित्रपटभर त्याला ‘सर’ म्हणणारी रत्ना शेवटी फोनवर एकच शब्द उच्चारते : ‘अश्विन.’ उपशीर्षकात ते फक्त एक नाव असतं. ज्या समाजात नवऱ्याचं नाव घ्यायलाही बाईला उखाण्याचा आधार लागत होता, तिथं त्या एका शब्दात लग्नही आहे आणि बरोबरीही. कानच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण तो शब्द खरा पोचायचा होता तो इथं.

हीच गोष्ट रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ची. व्हेनिसच्या ‘बिएनाले कॉलेज’ कार्यशाळेतून गेलेला हा चित्रपट जानेवारी २०२५मध्ये सनडान्सला दाखवला गेला आणि त्यानं जागतिक कथापटांच्या विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. एक शहरात नोकरी करणारा, एक शेतात राबणारा. दोघांनाही लग्नाचा तगादा. घरात मयत झाली की वर्षाच्या आत लग्न उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, ही रीत ज्यानं ऐकली आहे, त्यालाच त्या नातेवाइकांच्या घाईचं वजन कळतं. दोन पुरुषांचं हे प्रेम कानवडे शहरातल्या चळवळीच्या भाषेत सांगत नाहीत. सुतकाचे निर्बंध, आईचं समजून घेणं आणि निवडुंगाचं गोड फळ, एवढ्यात ते सांगतात. सप्टेंबर २०२५मध्ये हा चित्रपट आपल्याकडे लागला. तो आणि कपाडियांचा चित्रपट भारतात आणणारी कंपनी एकच, हैदराबादच्या राणा दग्गुबातींची. ही एक आशा आहे आणि इशाराही : सगळा भार एका खांबावर आहे.

याला मोठा अपवाद अर्थातच ‘सैराट’. तोही फेब्रुवारी २०१६मध्ये आधी बर्लिनला दाखवला गेला, पण २९ एप्रिलला महाराष्ट्रभर लागला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. जातीबाहेरच्या प्रेमाला आपल्याकडे प्रेक्षक नाही, हे म्हणणं त्यानं कायमचं खोटं ठरवलं. मात्र नागराज मंजुळे यांच्या पाठीशी मोठा स्टुडिओ होता आणि अजय-अतुल यांचं संगीत होतं. त्यामुळे ‘सैराट’ला महोत्सव हा मान होता, ‘सर’ किंवा ‘साबर बोंडं’ला तो जगण्याचा मार्ग होता. प्रेक्षक होता, आणि आहे. हवी होती ती त्याच्यापर्यंत जाणारी वाट.

ती वाट बांधण्याचं सामान पुण्यात तरी पुष्कळ आहे. २००२पासून इथं आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ‘आशय’सारखा फिल्म क्लब आहे. पण हे सगळं डेक्कनच्या आसपास, ज्यांना आधीपासून माहीत आहे त्यांच्यासाठी. सिंहगड रस्त्यानं धरणाकडे यावं, तसा हा पाहण्याचा संस्कार विरळ होत जातो. महाविद्यालयांत, उपनगरांतल्या एखाद्या पडद्यावर, आठवड्यातून एक खेळ नेमानं लागला आणि नंतर अर्धा तास बोलणं झालं, तर महोत्सवातून आलेल्या चित्रपटाला उतरायला घर मिळेल. त्यासाठी परदेशी निधी लागत नाही.

धरणाच्या काठी बसलेल्या जोडप्यांना अशा चित्रपटाचं नाव माहीत असेलच असं नाही. अंधार पडला की पोलिसांची गाडी फिरते, कणसांची शेगडी विझते, दुचाक्या एकेक करून शहराकडे निघतात. नांदेड फाट्याच्या आसपास कुठं तरी मुलगी मागच्या सीटवर थोडी मागे सरकून बसते. घर जवळ आलेलं असतं.