रक्ताच्या तपासणीतही वर्णभेद!

विज्ञान वर्ण मानीत नाही, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. विज्ञान मानीत नसेलही. परंतु ते राबविणारी माणसे मानतात, याची कबुली अमेरिकेच्या वैद्यकविश्वानेच दिली आहे. मूत्रपिंडाच्या, म्हणजेच किडनीच्या आजाराचे हे प्रकरण आमच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

किडनी किती काम करते हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनीन मोजतात. हे स्नायूंतून निघणारे टाकाऊ द्रव्य. किडनी ते गाळून बाहेर टाकते. ती थकली की रक्तात ते साचू लागते. क्रिएटिनीनचा आकडा, वय आणि स्त्री की पुरुष ही माहिती सूत्रात घालून किडनीची गाळण्याची क्षमता काढली जाते. १९९९ साली अमेरिकेत तयार झालेल्या सूत्रात आणखी एक प्रश्न होता. रुग्ण कृष्णवर्णीय आहे काय? असेल, तर उत्तराला सुमारे १.२ ने गुणा! २००९ च्या सुधारित सूत्रात हा गुणक सुमारे १.१६ झाला, पण गेला नाही. कृष्णवर्णीयांचे क्रिएटिनीन सरासरीने अधिक आढळले होते. त्यांचे स्नायूच अधिक असतात, असे गृहीत धरून विषय मिटविण्यात आला.

याचा परिणाम काय झाला? अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत डायलिसिसपूर्वी दिवस मोजले जाण्यासाठी ही क्षमता २० किंवा त्याहून कमी असावी लागते. एकच वय, एकच रक्ताचा आकडा. गोऱ्या रुग्णाचे उत्तर २० आले आणि तो रांगेत लागला. कृष्णवर्णीयाचे उत्तर गुणकाने २३ झाले आणि तो रांगेबाहेर राहिला! ज्या समाजात किडनी निकामी होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक, त्याच समाजाला कागदावर अधिक निरोगी ठरविण्यात आले. येथे कोणी शिवी दिली नाही, कोणी दार लावले नाही. एका गुणाकाराने काम भागले.

या गुणकाविरुद्ध वैद्यकीय विद्यार्थी आणि कृष्णवर्णीय डॉक्टरांनी आवाज उठविला. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाने २०१७ मध्ये तो सोडला. २०२० मध्ये तेथील किडनी क्षेत्रातील दोन प्रमुख संस्थांनी संयुक्त समिती नेमली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये वर्णाचा रकाना नसलेले नवे सूत्र स्वीकारण्याची शिफारस झाली. परंतु आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे पाऊल. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला आपली यादी तपासून, जुन्या सूत्रामुळे ज्यांचा काळ बुडाला त्यांना तो परत देणे बंधनकारक झाले. मार्च २०२४ पर्यंत १४ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांच्या प्रतीक्षाकाळात सरासरी सुमारे दोन वर्षांची भर पडली. सूत्र बदलणे ही सुधारणा झाली. बुडालेला काळ भरून देणे हा न्याय होय. जे रुग्ण वाट पाहता पाहता गेले, त्यांचा हिशेब मात्र कोण देणार?

१९४६ साली बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकन निग्रो यांच्या स्थितीतील साम्य नोंदविले होते. म्हणून हा धडा आमचाही आहे. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या रिपोर्टवरही परदेशी सूत्रांचाच आकडा छापला जातो. भारतीयांवर, विशेषतः कमी स्नायू आणि कमी प्रथिनयुक्त आहार असणाऱ्यांवर, ही सूत्रे क्षमता फुगवून दाखवितात, असे चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांना आढळले आहे. अर्धपोटी राबणारा ऊसतोड कामगार, अंगावर मांस नसलेली म्हातारी आई, यांचे क्रिएटिनीन मुळातच कमी. त्यामुळे किडनी खराब होऊ लागली तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसू शकतो. तेथे जादा स्नायूंच्या समजुतीने रुग्ण मागे पडला. येथे उपाशी देहामुळे रोग लपतो.

यावर उपाय आहे. स्नायूंवर फारसे अवलंबून नसणाऱ्या सिस्टॅटिन सी या घटकाची तपासणी जोडल्यास अंदाज अधिक अचूक येतो. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. ती महाग पडते हे खरे. पण लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी त्या मानाने स्वस्त आहे आणि रोगाची चाहूल क्रिएटिनीन वाढण्याआधीही देऊ शकते. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी ती करून घ्यावी, डॉक्टरांकडे मागून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत आणि नियमित मिळावी, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी आरोग्य शिबिरांच्या फलकावर पहिल्या ओळीत लिहावी.

आकड्याला जात नसते, असे सांगणाऱ्याला आपण एवढेच विचारावे, हा आकडा कोणाच्या देहावरून काढला? हा प्रश्न विचारला गेला म्हणूनच हजारो माणसांचा बुडालेला काळ परत मिळाला.