शब्द गिटारखाली का दबतात?

बीडच्या मिरवणुकीत ढोल घुमत असतानाही हलगीची कडकड वेगळी ऐकू येते, कारण तिचा आवाज वरच्या पट्टीतला. एकाच पट्टीत दोन आवाज आले, की मोठा लहानाला झाकतो.

हेवी मेटलमध्ये, मुंबईच्या ‘भयानक मौत’सारख्या बँडमध्ये, गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो, तो मधली सगळी जागा व्यापतो. गायकाचे शब्दही तिथलेच. ‘शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार आली, की नवशिका गायकाचा आवाज चढवतो. जाणता ध्वनिसंयोजक मात्र गिटारमधल्या सेकंदाला २ ते ४ हजार कंपनांच्या पट्ट्याला कात्री लावतो. कान तिथेच फार तीक्ष्ण!

‘मोबाइलवर ड्रम वाजतच नाही’ हीही तक्रार रास्त. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघणार कुठून? मग ठोक्यातली वरची टकटक वाढवायची.