शेगडी थंड झाल्यावर...

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलायचो, पण लिहायची वेळ यायची ती फक्त परीक्षेत, तीही पासापुरती! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. या विभागात बहुतेक जण पावसावर, प्रेमावर नाहीतर केटीवर लिहितात. मी लिहिणार आहे एका शेगडीवर.

होस्टेलच्या गच्चीवरची बार्बेक्यूची शेगडी तुम्हाला माहीत असेलच. मेकॅनिकलच्या एका जुन्या बॅचने ती वर्कशॉपमध्ये बनवली होती. पत्र्याचं पिंप उभं चिरून त्याचे दोन भाग केले. खालच्या भागात कोळसा, वरचा भाग झाकण, मध्ये दोन बिजागऱ्या, खाली अँगलचं स्टँड आणि वर सळ्यांची जाळी. एका बॅचने दुसरीला, दुसरीने तिसरीला अशी ती आमच्यापर्यंत आली. आणि आम्ही ती एका पावसाळ्यात मारली.

झालं असं की, शेवटचा पेपर संपला त्या रात्री गच्चीवर पार्टी झाली. चिकन, पनीर, कणसं, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी जो तो बॅग भरून घरी पळाला. राख आत तशीच, जाळीवर मसाला चिकटलेला, झाकण उघडं. जुलैमध्ये परत आल्यावर शेगडी हलवायला गेलो तर बूड गळून खाली पडलं. त्याच आठवड्यात एका सीनियरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "काय रे, आपली शेगडी कशी आहे?" मी म्हणालो, "एकदम मस्त दादा!" फोन ठेवल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

मग तो पत्र्याचा तुकडा घेऊन वर्कशॉपमधल्या मामांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि एकच वाक्य बोलले, "पावसाने नाही खाल्ली, तुमच्या राखेने खाल्ली." त्या दिवसापासून या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते लिहितोय.

थोडासा इतिहास

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथून जगभर पसरला. लाकडाच्या माचाला ते 'बार्बाकोआ' म्हणायचे. आज परदेशात घरोघरी दिसणारी गोल, झाकणवाली शेगडी मात्र तशी अलीकडची. 1952 मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी ती बनवली. कारखान्यात समुद्रात तरंगणारे धातूचे बोये तयार व्हायचे. त्याचाच गोळा घेऊन त्यांनी एका अर्ध्याची शेगडी केली आणि दुसऱ्याचं झाकण. म्हणजे आपल्या सीनियर्सनी पिंप चिरलं आणि त्यांनी बोया, आयडिया एकच!

घाण तीन प्रकारची

आपण सगळ्याला सरसकट 'घाण' म्हणतो आणि सगळ्यावर पाणी ओततो. इथेच गडबड होते. शेगडीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: राख, चरबी आणि काजळी. प्रत्येकीचा इलाज वेगळा.

राख कोरडीच काढायची. लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षार असतात. हवेतला ओलावा ती शोषून घेते. त्यात मॅरिनेशनचं मीठ आणि लिंबू ठिबकलेलं. अशी ओली राख पत्र्यावर पोल्टिससारखी चिकटून बसते आणि त्याला कधी वाळूच देत नाही. लोखंड, पाणी, ऑक्सिजन आणि क्षार म्हणजे केमिस्ट्रीच्या पुस्तकातला करोजनचा सेल. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून पुढचं संरक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि आतलं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. जुलैपर्यंत बूड गेलं ते असं.

गंमत म्हणजे हीच राख भांडी घासायला उत्तम. आपल्या आज्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासायच्या. ओल्या राखेतला पोटॅशियम कार्बोनेट अल्कलाइन असतो, तो चरबीवर काम करून तिचा थोडा साबणच करतो. राखेचे बारीक कण खरवडायचं काम करतात. म्हणून जाळीवरची चरबी काढायला चाळलेली थंड राख, काथ्या आणि थोडं पाणी पुरतं. फक्त नंतर जाळी स्वच्छ धुऊन लगेच पुसून वाळवायची. मामांच्या भाषेत, "राख घासायला चांगली, ठेवायला वाईट."

काजळी म्हणजे जळून कार्बन झालेलं अन्न. ती साबणाने जात नाही, ती खरवडावीच लागते. पण योग्य वेळी. खाणं झालं की कोळसे विझवायची घाई करू नका. दहा-पंधरा मिनिटं जाळी रिकामीच तापू द्या. चिकटलेला मसाला जळून ठिसूळ होतो आणि चपट्या पट्टीने सहज निघतो. तीच जाळी सकाळी घासायला घेतलीत तर चरबी थिजलेली असते, हात दुखेपर्यंत घासा!

तारेचा ब्रश नको!

बाजारात तारांचे ब्रश मिळतात. आम्हीही वर्कशॉपमधला वेल्डिंगचा ब्रश पळवला होता. ते ऐकून मामा खरंच चिडले. जुन्या ब्रशची तार तुटते, जाळीला चिकटते आणि तिथून कणसावर, पनीरवर आणि मग पोटात! ही काही मामांची अतिशयोक्ती नाही. 2011-12 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स इथे एका रुग्णालयात अशा तारा गिळलेल्या सहा रुग्णांची नोंद झाली. कुणाच्या घशात, कुणाच्या आतड्यात तार रुतली होती. त्यापेक्षा चपटी पट्टी, काथ्या आणि शेवटी अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर फिरवा. कांद्यातलं पाणी वाफ होऊन उरलेलं सैल करतं आणि वासही छान सुटतो.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसते. आमच्या विंगमधला एक मित्र शुद्ध शाकाहारी आहे. तो एकदा कणीस हातात घेऊन हळूच म्हणाला, "जाळी धुतली होती ना?" आम्ही हसलो आणि विषय टाळला. त्यानंतर तो गच्चीवर आलाच नाही. बोलला काहीच नाही, पण कळलं. आता आपल्याकडे दोन जाळ्या आहेत, एकीच्या हँडलला हिरवा रंग लावलाय. जाळी स्वच्छ ठेवणं हा फक्त हायजिनचा प्रश्न नसतो.

जाळी कशाची?

झिंकचा मुलामा दिलेली कुंपणाची जाळी स्वस्त पडते म्हणून काही जण तीच कापून लावतात. तसं करू नका. झिंक 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि लालबुंद निखाऱ्यांजवळ त्याहून जास्त तापमान सहज असतं. झिंकचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो, वेल्डर लोकांना हा त्रास चांगला ठाऊक असतो. वर लिंबू-दह्याच्या आंबटाने झिंक अन्नातही उतरतं. साधी लोखंडी सळई किंवा स्टेनलेस स्टील वापरा.

पिंप निवडतानाही तेच. केमिकलचं किंवा रंगाचं पिंप अजिबात घेऊ नये. तेलाचं रिकामं पिंप बंद असताना त्यावर ग्राइंडर चालवलं तर आतल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. ते काम मामांच्या देखरेखीशिवाय करू नये, इथे मेकॅनिकलवाल्यांनी हुशारी दाखवू नये ही नम्र विनंती!

बिडाच्या तव्याची ट्रिक

गंज टाळायचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आई नवा बिडाचा तवा आणला की तेल लावून तापवते, पुसते, पुन्हा तेल लावते. मला वाटायचं ही काहीतरी जुनी पद्धत असेल. प्रत्यक्षात ते पॉलिमरायझेशन आहे. तेलाचा पातळ थर तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून कडक, काळा, चकचकीत थर तयार होतो. पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचत नाही.

यासाठी ज्या तेलात असंतृप्त भाग जास्त असतो ते चांगलं. जवस उत्तम, करडई किंवा सोयाबीनही चालेल. खोबरेल तेलाचा असा थर नीट बनत नाही. थर मात्र अगदी पातळ हवा, म्हणजे तेल लावून फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाकायचं. जाड लावलं तर चिकट होतं आणि धूळ धरतं. जाळीला आणि पिंपाच्या आतल्या बाजूला हेच करा. बाहेरून हीट रेझिस्टंट पेंट मारा. आतून पेंट कधीही नाही.

ती रात्र

आता मुद्द्याचं. हा लेख खरं तर यासाठी लिहितोय.

गेल्या डिसेंबरात पार्टी संपली तेव्हा कडाक्याची थंडी होती. खाली बरेच निखारे शिल्लक होते. धूर नाही, वास नाही, नुसते लाल. आम्ही चौघांनी ते घमेल्यात भरले आणि रूममध्ये नेले. दार-खिडक्या बंद, मस्त ऊब. अर्ध्या तासाने माझं डोकं दुखायला लागलं. एकाला उलटी झाली. आम्हाला वाटलं चिकन कच्चं राहिलं असेल. दोघे तर झोपलेसुद्धा. एवढ्या रात्री लाइट का चालू म्हणून वॉचमन काका ओरडायला आले. त्यांनी दार उघडलं, घमेलं बघितलं आणि एका शब्दाने न ओरडता आम्हाला ओढत कॉरिडॉरमध्ये काढलं.

कारण होतं कार्बन मोनॉक्साइड. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की तो तयार होतो. शिवाय निखाऱ्यांच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कार्बनमधून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, आणि मग झोप. वाईट म्हणजे झोप आली तर माणूस उठून खिडकी उघडत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे साफ चूक आहे. धूर निदान खोकला तरी आणतो.

म्हणून शेगडी, घमेलं, निखारे, काहीही खोलीत न्यायचं नाही. खिडकी उघडी ठेवूनसुद्धा नाही. कुणाला असा त्रास झाला तर आधी मोकळ्या हवेत काढा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

मग कोळशाचं करायचं काय? झाकण आणि हवेची भोकं बंद करा, ऑक्सिजन संपला की कोळसा आपोआप विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतू नका, पत्रा वाकतो आणि वाफेने हात भाजतो. राख वरून थंड वाटली तरी आत निखारा बराच वेळ जिवंत राहतो. निदान पूर्ण दोन दिवस थांबा, मग झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा. प्लॅस्टिकच्या डस्टबिनमध्ये कधीच नाही.

थोडक्यात

त्याच रात्री: दहा-पंधरा मिनिटं जाळी तापवा, खरवडा, कांदा फिरवा, झाकण बंद करा.
दोन दिवसांनी: राख कोरडी काढा, जाळी घासा, धुवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा.
पावसाळ्याआधी: गंज पॉलिश पेपरने काढा, तेल लावून तापवा, बिजागऱ्या बघा, शेगडी जिन्याखाली कोरड्या जागी ठेवा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका, आत दमट होतं. खालून हवा खेळू द्या.

आम्ही मामांच्या मदतीने शेगडीला नवं बूड वेल्ड केलंय. जोड जरा वाकडा आहे, पण पक्का आहे. परवा त्या सीनियरला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग हसत म्हणाला, "अरे, आमच्या वेळेलाही एकदा बूड गळलं होतं. आम्हीही कुणाला सांगितलं नव्हतं!"

तेव्हा ज्युनियर्सहो, पुढच्या वर्षी शेगडी तुमच्या ताब्यात. काही बिघडलं तर लपवू नका. आणि हो, रात्री वर जाताना वॉचमन काकांसाठी एक कणीस खाली घेऊन यायला विसरू नका.