कापसाचा भाव पडला तेव्हा बांबू उभा राहिला

1936 साल. जागतिक मंदीत कापसाचे भाव जवळपास निम्म्यावर आले होते. सारा आधी भरायचा की सावकाराचं व्याज, या विवंचनेत खानदेशातला शेतकरी होता. अशा वेळी काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला घ्यायचं ठरलं. तोवर अधिवेशनं शहरांत भरायची. खेड्यातलं हे पहिलंच. गावात ना मोठं सभागृह, ना पाहुण्यांच्या उतरण्याची सोय. सगळं नगरच नव्याने वसवायचं होतं. ते गावाकडच्या साहित्यातून आणि गावाकडच्या कारागिरांकडूनच व्हावं, हा गांधीजींचा आग्रह.

त्यांनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोसांना बोलावलं. ‘मी चित्रकार, बांधकामातलं मला काय कळतं?’ अशा अर्थाचं उत्तर नंदबाबूंनी धाडलं. गांधीजींनी त्यांची शंका हसण्यावारी नेली: पियानोतला उस्ताद नकोच आहे, जीव ओतून फिडल वाजवणारा हवा! मग वास्तुविशारद म्हात्रे यांच्या जोडीने नंदबाबूंनी बांबू, चटया, गवत असल्या साध्या वस्तूंतून ‘टिळकनगर’ उभं केलं. अधिवेशनाबरोबर भरलेल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी दोघांनाही मोकळ्या मनाने श्रेय दिलं.

ज्याला आपण ‘साधं’ म्हणतो, ते साधं नाही हे काम करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बुरूड ओला बांबू उभा चिरतो, तेव्हा कोयता गाठीपाशी अडतो. तिथे जोर लावला तर चीर वाकडी जाते, म्हणून तो बेताने ठोकत, चिरेला वाट देत पुढे सरकतो. मग कामट्यांची पाठ आणि पोट वेगळं करायचं. हिरवी, चिवट पाठ टोपलीच्या काठाला आणि सुपाच्या कडेला. पोटाचा नरम भाग आतल्या विणीला. कुठली पट्टी कुठे टिकेल हे बोटांना ठाऊक असतं. नंदबाबूंचं मोठेपण मला यात दिसतं की, त्यांनी कारागिराला सजावटीपुरतं बोलावलं नाही, त्याच्या कसबावर सगळं नगर पेललं.

पण त्याच फैजपुरात 27 आणि 28 डिसेंबरला पं. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आणखी एक गोष्ट झाली आणि ती विसरून चालणार नाही. सारा आणि खंड कमी करावा, कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा द्यावा, असा शेतीविषयक कार्यक्रम अधिवेशनाने मंजूर केला. हातांचं कौतुक आणि पोटाचा ठराव, दोन्ही एकाच मांडवात. हस्तकलेबद्दल लिहिणारे बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

चार वर्षं आधीच्या धुळ्याच्या तुरुंगाबाबत उलटं झालं: तिथले शब्द लक्षात राहिले, हातांचं काम विसरलं गेलं. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ म्हणून ते आज घरोघर आहे. त्याच तुरुंगात कैदी जात्यावर दळतही होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. सुटका कधी होईल याचा नेम नसताना, आजचं पीठ आज दळून झालं एवढं तरी स्वतःच्या हातात होतं.

हातातल्या कामाचा हा आधार बायकांना कळायला तुरुंगाची गरज नव्हती. पावसाने ताण दिला तरी घरात जुनी लुगडी, धोतरं असायचीच. थर अंथरायचे, विरलेल्या जागी ठिगळ लावायचं आणि चारी काठांकडून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. टाका दाट पडला की गोधडी जास्त टिकते. शेजारणी येऊन बसल्या की गोधडीही लवकर होते आणि कोणाच्या घरी दाणे संपले, कोणाचा जावई रुसला, हेही समजतं. आजच्या भाषेत याला मानसिक आधार म्हणतील. तेव्हा त्याला दुपार म्हणत.

आता त्याच खानदेशातल्या आजच्या रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे या. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वादळ मानांकन पाहून येत नाही. मे-जूनच्या वाऱ्यात उभी बाग आडवी होते. अलीकडे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू) रोगानेही बागा उपटाव्या लागल्या. घड हातचा जातो, खोड मात्र उरतं आणि ते शेताबाहेर काढायलाही मजुरी मोजावी लागते. याच खोडाची सोपटं उलगडून, गर खरवडून काढला की लांब, चमकदार धागा मिळतो. त्याच्या दोऱ्या, पायपुसणी, पिशव्या, टोपल्या होतात. ओला राहिला तर मात्र धागा काळवंडतो, म्हणून त्याच दिवशी ऊन द्यावं लागतं. पावसाळ्यात तर कसोटीच. यंत्राने काम झटपट होतं, पण विणकामाला शेवटी हातच लागतात.

बचतगटाच्या बायकांना हे कसब प्रशिक्षणात शिकता येतं. अडतं ते पुढे. प्रदर्शनात पिशवीला ‘किती छान’ म्हणणारं गिऱ्हाईक बाजारात स्वस्तातली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन घरी जातं. फैजपुरात बांबूला मागणी होती, कारण नगर वसवणाऱ्यांनी तोच वापरायचा असं आधीच ठरवलं होतं. मग आज जिल्ह्यातल्या शाळांनी बक्षिसाच्या पिशव्या, मंगल कार्यालयांनी आहेराच्या टोपल्या, सरकारी कचेऱ्यांनी पायपुसणी वर्षाच्या सुरुवातीलाच या गटांकडून का मागवू नयेत? आणि पैसे माल पोचल्याबरोबर द्यावेत. सहा महिन्यांनी मिळालेल्या धनादेशावर पुढचं खोड सोलण्याची मजुरी भागत नाही.