भिंतीवरून कागदावर : मिथिलेतील चित्रसंकलन

लोककलेचे संकलन म्हणजे केवळ वस्तूंची खरेदी नव्हे. मधुबनी चित्रकलेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पडक्या घरांच्या भिंतींवरील चित्रे ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर यांच्या दृष्टीस पडली. त्यांवर १९४९ मध्ये त्यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात लेख लिहिला. तथापि, मातीची भिंत संग्रहालयात नेता येत नाही. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठविले. गावोगाव फिरून त्यांनी स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास उद्युक्त केले व ती संकलित केली. त्यामुळे दुष्काळग्रस्त कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळाले आणि कोहबराच्या भिंतीवरील कला प्रदर्शनांपर्यंत पोहोचली. जितवारपूरच्या जगदंबादेवी (१९७५) व सीतादेवी (१९८१) ‘पद्मश्री’च्या मानकरी ठरल्या. अनामिक परंपरेला अशा प्रकारे कलावंतांची नावे लाभली. मात्र, विवाहविधीपासून तुटलेले चित्र केवळ शोभेची वस्तू ठरण्याचा धोकाही असतो. म्हणूनच संकलकाने चित्रासोबत कलावंताचे नाव, गाव, प्रसंग व अर्थ यांची नोंद घेणे अगत्याचे ठरते.