हिरव्या ज्योतीचे घराणे

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आकाशात फुटणाऱ्या बाणांचे बरेचसे रंग एकाच घरातून येतात. डोळे दिपवणारा पांढरा मॅग्नेशियमचा, नारिंगी कॅल्शियमचा, लालभडक स्ट्रॉन्शियमचा आणि हिरवा बेरियमचा. यांत बेरिलियम आणि रेडियम मिळवले की सहा धातूंचे घराणे पुरे होते. शाळेत ते ‘अल्कधर्मी मृदा धातू’ या नावाने भेटते, परीक्षेपुरते पाठ होते आणि विसरले जाते. पण धातू तारक की मारक हे त्याच्या नावावर नव्हे, तर तो कोणाच्या सोबतीने आला यावर ठरते, हे शिकायला याहून चांगले घराणे नाही.

आगीत न वितळणाऱ्या, पाण्यात फारशा न विरघळणाऱ्या भुकटीला जुने रसायनज्ञ ‘माती’ म्हणत. चुना ही अशीच एक माती. 1774 मध्ये स्वीडनमध्ये कार्ल शेले यांनी एक नवी माती ओळखली. तिचे खनिज हाताला इतके जड लागे की ‘जड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव पडले. या मातींत धातू दडले आहेत हे लंडनच्या हम्फ्री डेव्ही यांनी 1808 मध्ये विजेच्या बळावर दाखवले आणि एकाच वर्षात मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम वेगळे केले. नावाने ‘जड’ असलेला बेरियम धातू मात्र तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या निम्म्याहूनही हलका भरतो.

या सगळ्यांच्या अणूंत बाहेरच्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन असतात. बेरिलियमकडून बेरियमकडे जाताना अणू मोठा होत जातो आणि या दोघांवरची केंद्रकाची पकड सैल पडते. त्यामुळे बेरिलियम पाण्याला दाद देत नाही, मॅग्नेशियमला गरम पाणी किंवा वाफ लागते, कॅल्शियम साध्या पाण्यातही बुडबुडे सोडते, तर बेरियमची पाण्याशी गाठ पडली की जोरदार अभिक्रिया होते. म्हणून ते तेलात बुडवून ठेवतात.

यातले आपल्या ओळखीचे भावंड म्हणजे कॅल्शियम. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी टाकले की ती फसफसून तापते आणि विरी जाते. गडकोटांवर आजही दिसणाऱ्या चुन्याच्या घाण्यांत हाच चुना मळला जाई. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. बेरियमचे कार्बोनेट मात्र इतक्या आचेला फुटत नाही. त्याला हजार अंशांच्या बरेच पुढे जावे लागते.

सल्फेटची सोबत मिळाली की या घराण्याचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट तीनशे ग्रॅमहून अधिक विरघळते, कॅल्शियम सल्फेट सुमारे दोन ग्रॅम आणि बेरियम सल्फेट जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम. पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी रुग्णाला पांढरे ‘बेरियम’ पाजतात ते हेच. ते क्ष-किरण अडवते, रक्तात उतरत नाही आणि जसेच्या तसे बाहेर पडते. बेरियम कार्बोनेट मात्र उंदरांचे विष म्हणून वापरले गेले आहे. जठरातल्या आम्लात ते विरघळते, सुटे झालेले बेरियम पेशींमधून पोटॅशियम बाहेर येण्याची वाट अडवते, स्नायू लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते. अशा वेळी मॅग्नेशियम किंवा सोडियमचे सल्फेट पोटात देतात, कारण तिथेच न विरघळणारे बेरियम सल्फेट तयार होते. विष आणि उतारा यांत फरक फक्त जोडीदाराचा.

भावंडांच्या याच सारखेपणाने विसाव्या शतकाला वळण दिले. 1938 मध्ये बर्लिनमध्ये ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करत होते. त्यातून रेडियम निघाले असावे, असा त्यांचा समज होता. बेरियमच्या क्षारासोबत स्फटिक पाडून ते वेगळे करू गेले, पण किरणोत्सार बेरियमपासून सुटेना. ते बेरियमच होते. अणू दुभंगला होता. लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ उलगडला.

आता पुन्हा अंगणात येऊ. हिरवी ज्योत देणारे बेरियम नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. ते जळणाला ऑक्सिजनही पुरवते, म्हणून फुलबाजीतही त्याचा वापर होत आला. दवाखान्यातल्या बेरियमचा निरुपद्रवीपणा त्याला नाही आणि त्याचा धूर आपल्या मुलांच्या नाकाशी असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फटाक्यांत बेरियमच्या क्षारांना बंदी घातली आणि 2021 मध्ये ती पाळण्याची पुन्हा ताकीद दिली. कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांच्या संशोधनात नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने पुढाकार घेतला आहे. उरलेले काम आपले. यंदा फुलबाजीचा पुडा घेताना त्यावरची घटकांची यादी वाचा. बेरियम नायट्रेट दिसले, तर पुडा दुकानदाराला परत करा.